‘गाझी’ राजपूतनेच बुडवली का?

नौदलाच्या इतिहासाचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास येतो: १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी आपल्या ‘राजपूत’नेच बुडवली ना? तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

ही राजपूत म्हणजे सोव्हिएत संघात बांधलेली, २०२१ मध्ये निवृत्त झालेली विनाशिका नव्हे; तिच्याआधी हे नाव मिरवणारी जुनी नौका. तिचे मूळ नाव ‘रॉदरहॅम’. क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधलेली ही विनाशिका १९४२ साली ब्रिटिश नौदलात दाखल झाली, हिंदी महासागरात लढली, आणि सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून ताब्यात घेतला तो तिच्याच कप्तानाने. १९४९ मध्ये ती भारताकडे आली.

१९७१ पर्यंत ती थकली होती, सेवामुक्तीच्या वाटेवर होती. अशा वेळी पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी गाझीला चकवण्यासाठी तिला ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे सोंग दिले. खरी विक्रांत अंदमानात लपलेली असताना राजपूतने विशाखापट्टणमपासून दूर समुद्रात जाऊन विमानवाहू नौकेला शोभेल इतके बिनतारी संदेश पाठवायचे, असा तो बेत होता. शत्रूच्या कानी पडावी म्हणून विक्रांतवरच्या खलाशाच्या नावाने त्याच्या आजारी आईची चौकशी करणारी एक तारही उघडपणे धाडण्यात आली. ही तार मला साऱ्या बेतातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

३ डिसेंबरच्या रात्री राजपूत इंधन भरून बंदराबाहेर पडली. पाणबुडी दबा धरून असेल हे ओळखून लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी वेग वाढवला, पाण्यातली खळबळ दिसताच नौका वळवली आणि दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब, टाकले. मध्यरात्रीच्या सुमारास झालेला प्रचंड स्फोट किनाऱ्यावरही ऐकू गेला. नव्वदहून अधिक नौसैनिकांसह गाझी तळाशी गेली. राजपूतच्या माऱ्याने, असे आपले नौदल म्हणते; पाकिस्तान तो अपघाती स्फोट मानतो.

माझे उत्तर असे: स्फोटाचे श्रेय मी छातीठोकपणे देणार नाही. पण विक्रांतच्या शोधात आलेली गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी थांबून राहिली, आणि ती तिथे आहे असे गृहीत धरूनच एकोणतीस वर्षांची ही नौका दिवे मालवून बाहेर पडली, एवढे मी निःशंकपणे लिहितो.