गाळ की गाळी

साखर कारखान्यात उसाचा रस आटवायच्या बॉड्या क्लीनिंग करून सुरू केल्या की पहिले दोन दिवस ब्रिक्सची, म्हणजे रसाच्या घट्टपणाच्या आकड्याची, काळजी नसते. नळ्या नव्यासारख्या असतात, आटलेला रस, म्हणजे सिरप, साठाच्या खाली यायचं नाव घेत नाही. म्हणून त्या सकाळी ५२ दिसल्यावर आधी ब्रिक्स मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरची काच पुसली. पुन्हा ५२. रात्रपाळीच्या केमिस्टनं हँडओव्हर वहीत लिहून ठेवलं होतं: ‘३ नं. बॉडीत गाळ. सफाई नीट नाही.’

कारखाना कर्नाटकातल्या चिकोडी भागातला. चार बॉड्यांचा क्वाड. पहिल्या बॉडीच्या कॅलेंड्रियाला, म्हणजे रसाच्या नळ्यांभोवतीच्या वाफेच्या कप्प्याला, टर्बाइनची एक्झॉस्ट वाफ, तिथल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीला, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला आणि चौथीची कंडेन्सरला. अशा चार हातांतून गेल्यामुळे एक किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडतं. पुढे साखरेचे दाणे पाडायच्या पॅनमध्ये मात्र एक किलो पाण्याला निदान एक किलो वाफ. साडेचौदा ब्रिक्सचा १०० टन रस साठावर आणायचा तर ७५.८ टन पाणी उडवावं लागतं, बावन्नवर ७२.१. मधलं ३.७ टन पाणी पॅनच्या बोडक्यावर. आमच्याकडे तासाला २०० टन रस, म्हणजे सव्वासात टनांच्या वर. नऊ वाजेपर्यंत पॅनवाले बोंबलायला लागले, रसाची टाकी काठोकाठ आली आणि उसाची गव्हाण हळू चालवायचा निरोप गेला. यार्डात गाड्यांची रांग.

चीफचा पहिला हुकूम व्हॅक्यूम वाढवायचा. पुस्तकात शेवटच्या बॉडीला पाऱ्याचे ६४० मिलिमीटर लिहिलंय, आपल्याकडे ५८५ का? हे दर हंगामात नव्यानं सांगावं लागतं. ६४० हा आकडा समुद्रकाठचा, जिथे हवेचा दाब ७६० असतो. आपण साडेसहाशे मीटरांच्या वर बसलोय, इथे सगळी हवाच जेमतेम ७००. गेजवर ५८५ म्हणजे आत ११५ उरले, पुस्तकातल्या १२० पेक्षा कणभर चांगलेच. पंप कितीही पळवला तरी नसलेली हवा कुठून काढणार?

दुसरा हुकूम गाळप थांबवून तिसरी बॉडी उघडायचा, आणि सफाईच्या टोळीचं बिल रोखायचा. बिलाच्या चिठ्ठीवर मीही सही केली.

सही करून क्वाडवर गेलो आणि चारही थर्मामीटर वाचले. रोज पहिलीत १०७, दुसरीत ९६, तिसरीत ८२, चौथीत ५७ च्या आसपास असतं. आज ११०, १०२, ७६, ५७. दुसरी आणि तिसरीतला १४ अंशांचा फरक २६ वर गेला होता. जिथे उष्णता अडते तिथेच फरक वाढतो, तेव्हा दुखणं तिसऱ्याच बॉडीत होतं, हे वहीत बरोबर होतं. पण अडायला कारणं तीन असतात. नळीत आतून साका बसला असेल, कॅलेंड्रियात कंडेन्सेट तुंबलं असेल, नाहीतर नॉक्शस गॅस, म्हणजे वाफेबरोबर येणारे पण पाणी न होणारे वायू, बाहेर जात नसतील. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात, कारण साका हाताला लागतो.

गॅस कुठून येतो? रसातल्या नत्राच्या पदार्थांतून चुना आणि उष्णतेमुळे अमोनिया सुटतो, रसात विरघळलेली हवा असते, व्हॅक्यूममध्ये चालणारा प्रत्येक सांधा बाहेरची हवा ओढतो. वाफ नळीला भिडली की पाणी होऊन खाली जाते, गॅसचं पाणी होत नाही. तो पंगतीत पान अडवून बसलेल्या, न जेवणाऱ्या पाहुण्यासारखा नळीला चिकटून राहतो आणि मागची वाफ ताटकळते. स्टेनलेसची उष्णतावाहकता १६ धरली तर हवेची ०.०३. पाचशे पटींहून जास्त फरक.

तिन्हींतलं कुठलं, हे बॉडी न उघडता कळतं. साका असेल तर कॅलेंड्रियाचं कवच सगळीकडून सारखं तापलेलं असतं, कारण वाफ तिथवर पोचलेली असते. कंडेन्सेट तुंबलं असेल तर खालचा पट्टा गार असतो आणि गेज ग्लासात पाणी चढतं. गॅस असेल तर वाफेच्या तोंडापासून लांबच्या बाजूला गार डाग पडतो, कारण तिथे दाब सगळा असला तरी त्यातला वाफेचा वाटा कमी असतो.

गेज ग्लासात पाणी खालीच होतं. मग एक पोरगा तापमानाची बंदूक घेऊन आला आणि लॅगिंगच्या, म्हणजे उष्णता कोंडायच्या वेष्टनाच्या, पत्र्यावर मारत सुटला. सगळीकडे ३८. म्हणाला, ‘सगळं सारखंच आहे सर.’ चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बंदूक पत्र्याची नाही, समोरच्या भिंतीची गरमी वाचते. शिवाय खाली ग्लासवूल. पत्रा कापून वीतभर लांबीरुंदीच्या आठ खिडक्या पाडल्या आणि गंजक्या कवचावर मारायला लावली. हेल्परनं हौसेनं एक खिडकी वायरब्रशनं लखलखीत केली, तिथला आकडा वीसेक अंशांनी पडला. फळ्याचा काळा रंग फासला तेव्हा जागेवर आला. गंज पुसायचा नसतो, तोच खरं सांगतो.

वाफेच्या तोंडाशी १०१, १०१, १००. समोरच्या अंगाला वर ८३, खाली ८६.

गॅस बाहेर न्यायच्या नॉक्शस लाइनचा व्हॉल्व्ह बघितला. स्पिंडल पूर्ण वर, म्हणजे उघडा. पण व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप हाताला गार. चाक दोनदा मिटवून उघडलं, बोटाच्या जोरावर फिरलं. गेट स्पिंडलवरून निसटून खालीच बसलं होतं. क्लीनिंगनंतर ज्यानं तो उघडला त्यानं तो खरंच उघडला होता.

लांबच्या अंगाला वर एक इंची सॉकेट होतं, प्लग मारलेलं. एरवी तो प्लग चालू बॉडीत काढायचा नाही; तिथे थोडा व्हॅक्यूम असतो, बाहेरची हवाच आत घुसेल. त्या दिवशी दाब वातावरणाच्या वर, ०.१५ किलो. अडचणच कामाला आली. प्लगच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून तोंड फिरवून उघडला. पहिली काही मिनिटं वाफेचा पांढरा ढग नाहीच, नुसता फुसकारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा अमोनिया. मग हळूहळू पांढरं दिसायला लागलं. गेज शून्याकडे आला तसा बंद केला आणि तिथून चौथ्या बॉडीच्या व्हेपर पाइपपर्यंत तारेच्या जाळीची नळी जोडली. साधी रबरी नळी व्हॅक्यूमला चपटी होते. पाऊण तासात दुसरी बॉडी ९७ वर, दुपारी ब्रिक्स ५७, संध्याकाळी ५९. गव्हाण पुन्हा वेगात.

चार वाजता रात्रीचे क्वाडचे ऑपरेटर मामा पगाराच्या कामाला आले होते. रायबागकडचे, घरी-दारी कन्नड. नळी बघून म्हणाले, ‘रात्रीच फोनवर सांगितलं की ओ केमिस्ट साहेबांना. मूरने बॉड्याग गाळी ऐत्री, म्हटलं.’

म्हणजे तिसऱ्या बॉडीत हवा आहे; कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा. कागलकडून आलेल्या आमच्या केमिस्टनं ऐकलं गाळ. ‘सफाई नीट नाही’ ही त्याची स्वतःची भर. मामांनी गार पाइपला हात लावून रात्री दोनलाच ओळखलं होतं, आम्ही आठ तासांनी आठ खिडक्या पाडून ओळखलं. सीमेवरच्या कारखान्यात निम्म्या गोष्टी दोन भाषांत मिळून चालतात, आणि वही मात्र एकाच भाषेत लिहिली जाते.

पुढच्या क्लीनिंगला व्हॉल्व्ह काढला. गेट पितळी, स्पिंडल अडकायची खाच अमोनियानं खाल्लेली. नळ्या अमोनियाच्याच भीतीनं स्टेनलेसच्या करून घेतलेल्या, आणि गॅस जायच्या लाइनवर स्टोअरनं स्वस्त म्हणून पितळ दिलेलं. आता तिथे स्टेनलेसचा आहे. मामांनी व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपवर लाल रंगानं हाताचा पंजा काढलाय. पाळीगणिक तिथे हात लावायचा.

त्याच दिवशी तिसऱ्या बॉडीत उतरून नळ्यांतून बॅटरी मारली. ब्रशचे ओरखडे खालपर्यंत सरळ दिसत होते, टोळीनं एक नळी सोडली नव्हती. त्यांचं रोखलेलं बिल सोडा म्हणून मी दुसरी चिठ्ठी दिली आहे. अकाउंट्समध्ये पहिल्या चिठ्ठीवरची माझी सही दाखवतात.