आमची वाटचाल : चार पावसाळे चाललेली वाफेची आरामशीन

आमच्या लाकूड चिरायच्या गिरणीच्या पाटीवर 'तीन पिढ्यांची आरामशीन' असं लिहिलंय. ते अर्धंच खरं. पहिल्या पिढीची मशीन जेमतेम चार पावसाळे चालली.

१९२९ साली बल्लारशा–काझीपेट रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि आलापल्लीच्या जंगलातल्या सागाला थेट मद्रासपर्यंत वाट मिळाली. तरी ओंडका चिरायचा म्हणजे एक माणूस वर, एक खाली, मधे करवत. स्वातंत्र्यानंतर आमच्या आबाजींनी चाकांवरचं एक जुनं वाफेचं इंजिन घेतलं आणि बैलांकरवी ओढत टालीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, आणलं. त्यांचा हिशेब चोख होता. गावात वीज नाही, डिझेलला पैसे पडतात. बॉयलरचं जळण मात्र मशीनच रोज तयार करते. सालपटं, तुकडे, भुसा, सगळं फुकट.

पाणी मात्र त्या हिशेबात नव्हतं.

पावसाळ्यात वर्धा नदी गढूळ, म्हणून विहिरीचं पाणी ड्रम भरून बैलगाडीने यायचं. त्यात क्षार फार. बॉयलरच्या नळ्यांवर पांढरी खापरी धरायची, ती खरवडायला मशीन बंद. शिवाय ओंडका एक असो की दहा, वाफ धरायला पहाटेच भट्टी पेटवावी लागायची.

चौथ्या वर्षी पोळ्याला बैल जुंपायचे नव्हते. आबाजींनी आदल्या दिवशीच्या पाण्यावर मशीन चालवली. घराच्या वाशांची ऑर्डर अडली होती. भट्टीच्या छताला शिसं भरलेला एक प्लग असतो. त्याच्यावरचं पाणी आटलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि विस्तव दबतो. दुपारी तेच झालं. कुणाला भाजलं नाही, नशीब. गाव म्हणालं, बैलांच्या सणाला काम काढलं की असंच होणार! मला विचाराल तर, आबाजींना लाकूड कळायचं, लोखंड नाही.

पुढे डिझेल इंजिन आलं, मग मोटर. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरामशीन बंद करायला लावल्या तेव्हा बाबांनी जपलेला परवाना कामी आला. त्या वर्षी कपाटातला तो कागद मशीनपेक्षा महाग होता.

बॉयलर भंगारात गेला. धुराड्याची नळी तेवढी राहिली. फाटकासमोरच्या नालीत ती आडवी टाकून वर मुरूम घातलाय, सागाचे ट्रक तिच्यावरूनच आत येतात.