निर्वासितांच्या वाटेने बुसान

बुसानला जाणारे बहुतेक प्रवासी हेउंदेच्या समुद्रकिनाऱ्यावर मुक्काम करतात आणि तेथील उंच इमारती पाहून परततात. माझ्या मते हे शहर समजून घ्यायचे असेल तर जुन्या वस्तीतून पायीच हिंडावे. १९५० ते १९५३ या कोरियन युद्धाच्या काळात दक्षिण कोरियाची राजधानी बराच काळ बुसानमध्ये होती, जीव वाचवून आलेले लाखो लोक या बंदराच्या आसऱ्याला थांबले होते, आणि आज येथे पाहावे-खावे असे जे आहे, त्यातले बरेचसे त्यांच्याच हातून घडलेले आहे.

जुंगआंग मेट्रो स्थानकाजवळच्या चाळीस पायऱ्यांपासून सुरुवात करावी. ताटातूट झालेली माणसे आपल्या नातलगांच्या शोधात या पायऱ्यांपाशी येत असत. पुढे १९३४ साली बांधलेला, जहाजांसाठी उचलला जाणारा योंगदो पूल लागतो. उत्तरेकडून निघताना बुसानमधले हे एकच ठिकाण अनेकांना ठाऊक होते, म्हणून ‘चुकामूक झाली तर पुलावर भेटू’ असे ठरवून कुटुंबे निघाली होती. भारताचे ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथकही नोव्हेंबर १९५० मध्ये याच शहराच्या बंदरात उतरले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

पुलापलीकडे न जाता किनाऱ्याने वळले की जागालचीचा मासळीबाजार येतो. येथील विक्रीची सूत्रे मुख्यतः बायकांच्या हाती आहेत. खाली हौदातला जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो शिजवून घ्यायचा, अशी सोय आहे. रस्ता ओलांडला की नाम्पो-दोंगच्या गाड्यांवर होत्तॉक मिळतो: गोड सारण भरलेली पिठाची गोळी तेलात दाबून तळतात, मग कात्रीने तिचे पोट उघडून आत सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या बिया ठासून भरतात आणि कागदी पेल्यात घालून देतात. शाकाहारी माणसाने येथेच पोट भरून घ्यावे, कारण पुढचे पदार्थ मांसाच्या रश्श्यातले आहेत. कुकजे बाजार आणि पोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली लगतच आहे. दोन्ही ठिकाणच्या व्यापाराने जम धरला तो निर्वासितांच्याच विक्रीतून.

दुपारच्या जेवणाला मिलम्यॉन घ्यावे. उत्तरेकडच्या लोकांना बकव्हीटच्या (कुट्टूच्या) थंडगार शेवयांची सवय होती. ते धान्य येथे मिळेना, मात्र अमेरिकी मदतीतला गव्हाचा मैदा उपलब्ध होता, म्हणून त्याच्याच शेवया करून त्या बर्फाळ रश्श्यात घातल्या गेल्या. टंचाईतून जन्मलेला हा पदार्थ आता बुसानची ओळख झाला आहे.

त्यानंतरचा चढ दमवणारा असला तरी बसने थेट टेकडीपलीकडच्या कामछॉन या वस्तीला जाऊ नये, वाटेत आमी-दोंग अवश्य पाहावे. जपानी राजवटीत येथे जपान्यांची दफनभूमी होती. डोक्यावर छप्पर नसलेल्या निर्वासितांनी तिथेच घरे बांधली आणि थडग्यांचे दगड पाया, भिंती व पायऱ्यांसाठी वापरले. एका अरुंद बोळात घराच्या पायथ्याशी बसवलेला असा दगड मी वाकून पाहिला, तेव्हा सिमेंटमधून कोरीव अक्षरांची एक उभी ओळ स्पष्ट दिसत होती आणि वरच्या दोरीवर त्या घरातले कपडे वाळत होते. येथे लोक राहतात, त्यामुळे आवाज न करता चालावे आणि खिडक्यांची छायाचित्रे काढू नयेत.

टेकडीपलीकडच्या कामछॉनची रंगीत घरे २००९ पासूनच्या कला-उपक्रमामुळे प्रसिद्ध झाली. मला मात्र रंगांपेक्षा त्या घरांची मांडणी अधिक मोलाची वाटते, कारण उतारावरच्या ओळी अशा रचल्या आहेत की पुढचे घर मागच्यासमोरचे दृश्य अडवत नाही. खाली उतरल्यावर त्वेजी कुक्पाप, म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्यातला भात, मागवावा. त्यात खारवलेली बारीक कोळंबी चवीपुरती घालावी, सोबत आलेली तिखट पात सगळी ढवळून घ्यावी आणि वाफ जिरण्याआधीच जेवायला सुरुवात करावी.