बातम्यांची कांदेनवमी

आषाढी जवळ आली की आमच्या घरी 'यंदा काय सोडायचं' याची चर्चा सुरू होते. आईचं ठरलेलं: कांदा, लसूण, वांगं. बायको दरवर्षी साखर सोडते आणि नारळी पौर्णिमेच्या नारळीभातापाशी तिचा नेम मोडतो. २०२४ साली मी जाहीर केलं, "मी बातम्या सोडतो." आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "कांदा सोडला असतास तर निदान एकाच चवीचा स्वयंपाक करता आला असता."

नेम धरायचा तर कांदेनवमी आलीच. १५ जुलैला, सोमवारी, घरात भजी तळली जात होती आणि मी टीव्हीसमोर बातम्यांचा फडशा पाडत होतो. एका चॅनेलवर ट्रम्प यांच्या कानाला चाटून गेलेली गोळी, दुसऱ्यावर मुंबईतलं ते कधीच न संपणारं लग्न, आणि प्रत्येक पाच मिनिटांनी 'या क्षणाची सर्वांत मोठी बातमी'. मागची मोठी बातमी केव्हा लहान झाली ते कोणी सांगत नव्हतं. रात्री साडेअकराला डोळे चुरचुरायला लागले. भज्यांच्या कांद्याने की आणखी कशाने, कोण जाणे.

एकादशीला सकाळी फोनमधली बातम्यांची अ‍ॅप्स उडवली. व्हॉट्सअ‍ॅपचे चौदा ग्रुप मुके केले. अ‍ॅप गेलं तशी पडद्यावरची चित्रं एकेक घर पुढे सरकली आणि बातम्यांच्या जागी कॅल्क्युलेटर आला. अंगठ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिला आठवडाभर मी उठल्याउठल्या, लिफ्टमध्ये, दूध उतू जायची वाट बघताना कॅल्क्युलेटर उघडत होतो. एकदा उघडलाच आहे म्हणून हिशोब मांडला. फोनच्याच म्हणण्यानुसार मी बातम्यांना रोज पावणेदोन तास देत होतो. चातुर्मासाचे ११९ दिवस. २०८ तास झाले, म्हणजे जवळजवळ नऊ अख्खे दिवसरात्र. कॅल्क्युलेटर बंद केला.

मग पळवाटा. उपासाला साबुदाणा चालतो, मग क्रिकेटचा स्कोअर का चालू नये? हवामान? सोन्याचा भाव? आई या बाबतीत शेवटचा शब्द. हवामान चालेल म्हणाली, स्कोअर विचारून घेतलेला चालेल, स्वतः बघितलेला नाही. तिच्या मते बातम्या म्हणजे सकाळी सात पाचला आकाशवाणी पुण्याहून सुधा नरवणे द्यायच्या त्या. बाबांची दाढी आणि बातमीपत्र एकदमच आटपायचं. "मग दिवसभर काही घडत नव्हतं का? घडायचं की. उद्या कळायचं."

इथवर सगळं कौतुकाचं होतं. आठवड्यातच नेम अंगाशी आला.

२५ जुलैला सकाळी सहाला नागपूरहून भाच्याचा फोन. "मामा, तुमच्याकडे पाणी किती आलंय?" मी गॅलरीत गेलो. आमची सोसायटी उंचावर, खाली फक्त ओला रस्ता. तिकडे खडकवासल्यातून रात्रीतून विसर्ग वाढत ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला होता आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं. माझा एक जुना मित्र तिथेच तळमजल्यावर राहतो. मी मुका केलेला ग्रुप उघडला. पहाटे तीन चाळीसला त्याने लिहिलं होतं, "गाडी वर घ्यायला कोणी येऊ शकेल का?" त्याखाली दोघांचं "निघालो". ते दोघे माझ्यापेक्षा लांब राहतात.

दुपारी चिखल काढायला गेलो. तो काही बोलला नाही. फक्त खराटा माझ्या हातात देताना म्हणाला, "तुझा काय तो उपास सुरू आहे ना." त्या रात्री मी ग्रुप एकेक करून तपासले. बातम्या आणि माणसं मी एकाच पिशवीत भरून माळ्यावर टाकली होती. चौदातल्या तीन ग्रुपांना आवाज परत दिला.

बाकीचा नेम मात्र चालू ठेवला, आणि मग एक गंमत कळली. ज्याला काही माहीत नाही असा माणूस हल्ली दुर्मिळ आहे, आणि त्याला फार मागणी आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये "तुला माहीत नाही?" म्हणताना समोरच्याचे डोळे असे लकाकतात! खुर्ची ओढून घेतात, सुरुवातीपासून सांगतात, मधेच स्वतःचं मत घुसडतात.

पण आमच्या इस्त्रीवाल्यासारखं कोणी सांगितलं नाही. तो राधानगरीकडचा. ऑगस्टच्या दोन तारखेला कपडे न्यायला गेलो तर म्हणाला, "सायेब, आमच्या कांबळवाडीच्या पोरानं मेडल मारलं की! म्हाईत न्हाई व्हय?" नाही म्हटलं. त्याने इस्त्री उभी केली, माझीच घडी घातलेली पँट उचलली, बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि आधी गुडघ्यावर बसून, मग फुटपाथवर चक्क आडवं पडून, मग उभं राहून मला ५० मीटर रायफलच्या तिन्ही पोझिशन दाखवल्या. स्वप्नील कुसाळे, रेल्वेत टीसी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. १९५२च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर वैयक्तिक पदक आणणारा महाराष्ट्राचा हाच, हे मला पुढे ऑफिसात कळलं. पँटला परत इस्त्री करावी लागली. तिचे पैसे त्याने घेतले नाहीत.

घरी येऊन मी चोरून त्या नेमबाजीचा व्हिडिओ बघितला, तीनदा. आईला सांगितलं. "ती बातमी नव्हे," ती म्हणाली, "कौतुक आहे. चालतं."

१२ नोव्हेंबरला कार्तिकी आली, नेम सुटला. विधानसभेचं मतदान आठ दिवसांवर, म्हणजे उपास सोडायला थेट पंगतच. अ‍ॅप पुन्हा घेतलं, पण ते आपोआप शेवटच्या पानावर जाऊन बसलं आणि मी तिथेच राहू दिलं. एक दिवस इस्त्रीवाल्याने उत्साहाने काही सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, "हो, वाचलं सकाळी." त्याचं तोंड एवढंसं झालं. शर्ट मोजून दिले, बस.

२३ तारखेला निकाल. सकाळपासून टीव्हीसमोरून हललो नव्हतो, आकडे तोंडपाठ झाले होते. संध्याकाळी कपडे घेऊन खाली उतरलो. त्याने लांबूनच हाक मारली, "सायेब, निकाल ऐकला का?"

"नाही बुवा," मी गठ्ठा टेबलावर ठेवला. "काय झालं?"

त्याने इस्त्री उभी केली.