हायवेवर गार, सिग्नलला गरम

अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सोलापूरला. मोहोळहून अकराला निघायचं, बाराचा नंबर, चार तास मशीनवर, मग परत. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. दिवसाच्या वाट्यातलं अर्धा लिटर मी बाटलीत भरून सोबत घेते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात असतो. तहानेने घसा कोरडा पडला तरी घोटभरच प्यायचं, अशा माणसाला तापलेल्या गाडीत बसवून नेताना जीव तुटतो. एसी ही आमच्यासाठी चैन नव्हतीच कधी.

एप्रिलच्या शेवटी तो दगा द्यायला लागला. गंमत अशी की हायवेवर काहीच तक्रार नाही. मोहोळ सोडलं की बाळ्यापर्यंत गाडी छान गार. पुणे नाक्याला सिग्नल लागला की दोन मिनिटांत झोतातून कोमट हवा, आणि सात रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर अण्णांचा सदरा पाठीला चिकटलेला. निम्मी बाटली गाडीतच संपायची.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. बॉनेट उघडलं, पंखा फिरतोय एवढं पाहिलं आणि "गॅस कमी हाय" म्हणून गॅस भरून दिला. दीड हजार रुपये. चार दिवस बरं वाटलं, पण त्या चार दिवसांत आभाळही आलेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. ऊन परतलं तशी गाडी पुन्हा तापायला लागली. परत तिथेच गेले, परत थोडा गॅस. या वेळी तर आधीपेक्षा वाईट. सिग्नलला उभं राहिलं की बॉनेटखालून 'टक' असा आवाज, काही सेकंदांनी पुन्हा 'टक', आणि प्रत्येक वेळी गारवा गायब.

त्या रात्री मी शांतपणे विचार केला. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती हवी, आणि गॅस कमी असताना हायवेवर तरी इतकं गार कसं होईल? मग चालत्या गाडीत असं काय असतं जे उभ्या गाडीत नसतं? वारा. एवढंच.

वाऱ्याचं काम कुठे लागतं ते पाहिलं. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्याने तो तापतो, आणि गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन त्याचं द्रव होतं. ते द्रव पुढे बारीक तोंडातून सुटून पसरतं तेव्हा आतला गारवा तयार होतो. बाहेर उष्णता गेलीच नाही तर आत गार काय होणार! गाडी पळत असते तेव्हा हायवेचा वारा जाळीतून जातो. उभी असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात गाडी चालू ठेवली, एसी लावला, झोत कोमट होईपर्यंत थांबले. मग बादलीतलं पाणी मगाने पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर हळूहळू ओतलं. अण्णा आत बसले होते. तीन मग झाले असतील, त्यांनी काच खाली करून सांगितलं, "ताई, गार यायलंय की गं!" दोष कुठे आहे ते मला तिथेच कळलं.

अक्कलकोट रस्त्यावर फक्त गाड्यांच्या एसीचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांना ही सगळी लक्षणं क्रमाने सांगितली. त्यांनी आधी मीटर लावला. निळा काटा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा. उभ्या गाडीत लाल काटा ३५० पीएसआयच्या (दाबाचं माप) पुढे चढत होता. या उन्हात २५० च्या आसपास असायला हवा, म्हणाले. दाब फार वाढला की कॉम्प्रेसर फुटू नये म्हणून एक स्विच तो बंद पाडतो, तीच माझी 'टक'.

मग बॉनेटमध्ये टॉर्च मारली. "बघा ताई, पंखे दोन हायत, फिरतो एक." रेडिएटरचा फिरत होता, म्हणून इंजिन कधी तापलं नाही आणि कुणाला शंकाही आली नाही. कंडेन्सरचा पंखा निपचित. चाचांनी त्याची वायर सोडवून थेट बॅटरीला जोडली, तरी हलेना. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीच्या पाठीवर दोन हलके ठोके दिले, आणि पंखा कुरकुरत फिरायला लागला. फ्यूज नाही, रिले नाही. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे घासून संपले होते.

मोटार बदलली. कंडेन्सर आतून बाहेर मंद धारेने धुतला. जाळीतून किडे, धूळ आणि उसाचं पाचट निघालं, आमच्या बाजूला कारखान्याच्या गाड्यांमागून जावंच लागतं. शेवटी मशीनने सगळा गॅस काढून वजन केलं. हवेत सोडायचा नसतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो तो. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलेलं, निघाला ५८० ग्रॅम. जादा गॅसने दाब आणखी चढत होता. माझे दोन्ही वेळचे पैसे आजार वाढवायला गेले होते, याचा मला अजून राग येतो. गळती आहे का म्हणून अर्धा तास व्हॅक्यूम करून ठेवलं. काटा जागचा हलला नाही. गळती नव्हतीच. मग मोजून ४५० ग्रॅम.

कुणाची गाडी पळताना गार आणि थांबल्यावर गरम होत असेल तर कृपा करून गॅसचे पैसे देण्याआधी एसी लावून बॉनेट उघडा आणि पंखे मोजा. गॅस भरायचाच झाला तर किती ग्रॅम भरला ते विचारा.

पुढच्या खेपेला पुणे नाक्यावर मोठा सिग्नल लागला. माझं सगळं लक्ष झोतासमोर धरलेल्या तळहातावर. हिरवा झाला तेव्हा मागच्याने हॉर्न दिला, अण्णा दचकून जागे झाले. हॉस्पिटलच्या दारात उतरताना बाटली त्यांच्या मांडीवरून उचलली, तर झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. त्या दिवशी घरची बाटली विसरून मी वाटेत विकतची घेतली होती.