गोळी घेता का, हे नको. कधी घेता, ते विचारा

सोमवार

छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, रात्री ठसका लागून जाग येणं, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: 'गोळी घेता का?' तो 'हो' म्हणतो, कागदावर खूण होते आणि चौकशी तिथेच थांबते. वेळ विचारली, तर 'रात्री झोपताना', 'जेवण झाल्यावर' किंवा 'त्रास होईल तेव्हा' अशी उत्तरं येतात. गोळी लागू पडत नाही या तक्रारीचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल या जातीची गोळी पोटात तयार झालेलं आम्ल मारत नाही. जठराच्या अस्तरातल्या पेशींत आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही गोळी बंद करते. पण तिच्या हाती लागतो तो चालू असलेला पंपच. रात्रभराच्या उपवासानंतर पहिला घास पोटात गेला की हे पंप मोठ्या संख्येने कामाला लागतात. त्या वेळी औषध रक्तात हजर असावं लागतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण तास-दोन तासांतच निम्मं होतं. म्हणून सकाळी अनशापोटी गोळी, आणि ३० ते ६० मिनिटांनी खाणं. झोपताना घेतली तर बहुतेक पंप निवांत असतात, आणि ते जागे होईपर्यंत औषध निघून गेलेलं असतं. गोळी घेतली आणि कामाच्या गडबडीत न्याहारी दुपारवर गेली, तरी तेच होतं. रोग्याला सांगताना 'उपाशीपोटी घ्या' एवढ्यावर थांबू नये. 'घ्या, आणि तासाभरात खा' हा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा. जेवणाशी न बांधलेले काही प्रकारही आहेत, त्यामुळे डब्यावरचं नाव वाचूनच वेळ सांगावी.

एकदा बंद पडलेला पंप पुन्हा सुरू होत नाही, पेशीला नवा घडवावा लागतो. त्यामुळेच रक्तात इतकी कमी टिकणारी गोळी दिवसभर पुरते. मात्र पहिल्याच गोळीत सगळे पंप सापडत नाहीत. पुरा गुण यायला ३ ते ५ दिवस लागतात. हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळी सुटते. ठरलेला कोर्स बहुधा ८ आठवड्यांचा असतो, आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबलं तर अन्ननलिकेची सोललेली आतली बाजू भरून यायला वेळच मिळत नाही.

ही गोळी चावायची नाही, कुटायची नाही, अर्धी करायची नाही. तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाचं रक्षण करतं. ते फुटलं तर औषध जठरातच नासतं, आतड्यापर्यंत पोहोचत नाही. गिळायला त्रास असेल तर दाणे भरलेली कॅप्सूल मिळते का ते पाहावं. काही कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर मऊ, गार, आंबटसर फळाच्या लगद्यावर टाकून न चावता गिळता येतात. नाकातल्या नळीतून द्यायचं असेल तर मात्र फार्मासिस्टला विचारल्याशिवाय हात लावू नये. दाणे बारीक नळीत अडकतात, आणि मग नळीच बदलायची वेळ येते.

मंगळवार

अन्ननलिका आणि जठर जिथे मिळतात तिथली झडप म्हणजे ३ ते ४ सेंटीमीटर लांबीचा स्नायूंचा पट्टा. गिळताना तो सैल पडतो, एरवी आवळलेला असतो. गिळण्याशी संबंध नसतानाही तो अधूनमधून सैल पडतो. हवा वर येऊन ढेकर निघतो तो यामुळेच. जठर ताणलं गेलं की असं सैल पडणं वाढतं. भरपेट जेवण, सोड्यासारखी फसफसणारी पेयं, भराभर गिळताना पोटात गेलेली हवा, या सगळ्यांचा धागा इथे येऊन मिळतो. घट्ट पट्टा आणि पोटावरची चरबी खालून दाब देतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे हाच स्नायू ढिला होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, छातीच्या दुखण्यावरची नायट्रेट्स, दम्यावरचं थिओफायलिन, झोपेच्या काही गोळ्या यांचाही असाच परिणाम असतो, म्हणून रोग्याच्या सगळ्या औषधांची यादी नीट वाचायची. मात्र त्यातलं काहीही त्याने स्वतःहून बंद करायचं नाही, हे त्याच बैठकीत बजावायचं.

उभ्या माणसात वर आलेलं आम्ल वजनानेच खाली उतरतं, आणि गिळलेली लाळ उरलेलं निवळते. झोपेत या दोन्ही सोयी जातात: शरीर आडवं असतं, लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही विरळ होतं. म्हणून रात्रीचं तेच आम्ल दिवसाच्या आम्लापेक्षा जास्त वेळ भाजत राहतं.

पलंगाची उशाकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर वर हवी. इथे सर्रास एक चूक होते: उशा वाढवल्या जातात. तीन उशांवर मान वर जाते, कंबरेत घडी पडते, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली पक्के ठोकळे ठेवायचे, किंवा कंबरेपासून डोक्यापर्यंत येणारी पाचरीच्या आकाराची गादी वापरायची. ठोकळे हलत नाहीत ना हे पाहायचं. वयस्कर माणूस रात्री उठताना पडला तर जळजळ परवडली असं म्हणायची वेळ येते.

झोपावं डाव्या कुशीवर. तसं झोपल्यावर जठराचा मोठा भाग झडपेच्या खालच्या पातळीत राहतो. उजव्या कुशीवर झडपच आम्लात बुडते. मात्र जेवल्या जेवल्या घेतलेली वामकुक्षी इथे चालत नाही. कूस बरोबर असली तरी वेळ चुकते. शेवटचा घास आणि आडवं होणं यांत ३ तासांचं अंतर हवं.

नळीतून अन्न घेणाऱ्या रोग्याच्या बाबतीत हाच नियम जिवावरचा ठरतो. अन्न चालू असताना आणि नंतर ३० ते ६० मिनिटं डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांवर हवी. पलंगाचा काटा ४० दाखवतो आणि रोगी मात्र घसरून पायथ्याशी गोळा झालेला असतो. त्याच्या छातीला तो कोन मिळतच नाही. म्हणून आधी रोग्याला वर सरकवावं, मग गुडघ्याखालचा भाग थोडा उचलावा, आणि त्यानंतर डोकं वर घ्यावं. चादर बदलायला आडवं करण्याआधी अन्न थांबवायचं. या स्थितीत माकडहाडावर सतत दाब येतो, तेव्हा तिथली त्वचा पाहणंही याच कामाचा भाग आहे.

बुधवार

आता अँटासिडबद्दल, म्हणजे तयार झालेलं आम्ल निवळणाऱ्या औषधाबद्दल, थोडक्यात. ते मिनिटांत काम करतं, पण रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या-एक तासात जठरातून पुढे निघून जातं. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर अन्नाबरोबर रेंगाळतं आणि ३ तासांपर्यंत पुरतं. पातळ औषधाची बाटली हलवून घ्यायची, चघळायची गोळी पूर्ण बारीक चावायची. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमने मलावरोध. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम अंगात साठतात, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही नको. खाण्याचा सोडा अर्धा चमचा घेतला तरी ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जातं. हृदय किंवा रक्तदाबाच्या रोग्याला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

लोहाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं अँटासिडला चिकटून वाया जातात. त्यांच्यात निदान २ तासांचं अंतर ठेवावं, थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं.

गोळी घशाखालीच अडकून अन्ननलिकेला जखम करते, हे पुष्कळांना माहीत नसतं. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियम, वेदनाशामकं आणि हाडांसाठीचं ॲलेंड्रोनेट ही यातली नेहमीची. घोटभर पाण्याने गोळी टाकून लगेच आडवं व्हायचं नाही. पेलाभर साधं पाणी, आणि अर्धा तास ताठ बसणं. ॲलेंड्रोनेट सकाळी सगळ्यांच्या आधी, एकटंच घ्यायचं. अर्ध्या तासाने आम्लाची (ओमेप्राझोलच्या जातीची) गोळी, त्यानंतर अर्ध्या तासाने न्याहारी. अन्ननलिकेचा त्रास असलेल्या माणसाच्या यादीत हे औषध दिसलं, तर ते चालू ठेवायचं का हे आधी डॉक्टरांकडून नक्की करून घ्यावं.

गुरुवार

'हे खाऊ नका' अशी पानभर यादी रोग्याच्या हातात देणं ही चांगली शुश्रूषा नव्हे. आठवडाभर तो सगळं सोडतो, मग सगळंच सुरू करतो, आणि नेमकं काय बाधतं ते त्याला कधी कळतच नाही. वयस्कर माणूस तर खाणंच कमी करतो आणि वजन गमावतो. चॉकलेट, पुदिना, मद्य, धूम्रपान यांनी झडप सैल पडते. तळलेलं आणि तेलकट जठरात जास्त वेळ राहतं. टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, तिखट यांची गोष्ट वेगळी. आधीच सोललेल्या अन्ननलिकेवर ती झोंबतात. कॉफी एकाला सोसते, दुसऱ्याला नाही. दुधाने घटकाभर गार वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात; झोपताना पेलाभर दूध हा उपाय म्हणून सांगू नये.

यादीपेक्षा वही द्यावी. दोन आठवडे, पाच रकाने: किती वाजता काय आणि किती खाल्लं, गोळी किती वाजता, त्रास किती वाजता, त्या वेळी बसलेले, वाकलेले की आडवे, आणि काय केल्यावर थांबला. वही भरून आली की उत्तर बरेचदा पदार्थात मिळत नाही, घड्याळात मिळतं: रात्री उशिराचं जेवण, किंवा गोळीनंतर दोन तासांनी न्याहारी. पदार्थ संशयित वाटला, तर एका वेळी एकच बंद करून पाहावा.

घशाशी आंबट आल्यावर लगेच दात घासू नयेत. आम्लाने दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो, ब्रशने तो खरवडला जातो. साध्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश अर्ध्या-एक तासाने.

शनिवार

छातीत दुखतंय आणि रोगी स्वतःच 'ॲसिडिटी आहे' म्हणतोय, तेव्हा त्याचं निदान मान्य करायचं नाही. दम लागणं, घाम, हात-जबडा-पाठीकडे जाणारी कळ, चालताना वाढणारं दुखणं ही हृदयविकाराची खूण असू शकते. आणि मधुमेही, वयस्कर, स्त्रिया यांच्यात यातलं काहीच ठळक नसू शकतं. ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा. अँटासिडने बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. उलट बाजूनेही तेच: जिभेखालच्या नायट्रेटने अन्ननलिकेची उबळही उतरते, त्यामुळे त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, काळी शौच: यांतलं एकही असेल तर गोळी बदलून वाट पाहायची नाही. काळ्या शौचाबद्दल नेमकं विचारावं. लोहाच्या आणि पोटाच्या तक्रारीवरच्या बिस्मथच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण रक्ताची शौच डांबरासारखी चिकट असते आणि तिचा उग्र वास लपत नाही.

अल्सरच्या रोग्यासाठी एक तारीख महत्त्वाची आहे. अल्सर घडवणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी वाढवून दाखवला, २००५ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि अल्सर म्हणजे चिंतेचा आजार ही समजूत मागे पडली. या जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असेल तर आम्लाची गोळी २ आठवडे, प्रतिजैविकं आणि बिस्मथ ४ आठवडे आधी बंद असावी लागतात, तेही डॉक्टरांनी सांगूनच. हे न विचारता नमुना घेतला, तर जंतू असूनही 'नाही' असा निकाल येऊ शकतो.

रविवार

पाठ केलेला सल्ला कसा उलटतो, याचं उदाहरण जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत दिसतं. अन्न वेगाने आतड्यात उतरून चक्कर, धडधड, घाम आणि जुलाब होतात, त्याला डंपिंग म्हणतात. तिथे जेवताना पाणी प्यायचं नाही, गोड टाळायचं आणि जेवणानंतर २० ते ३० मिनिटं आडवं व्हायचं. जळजळीच्या रोग्याला आपण सांगतो त्याच्या अगदी विरुद्ध. शेजारशेजारच्या खाटांवर हे दोघे असले तर एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. म्हणून कागदावर सूचनेआधी कारण लिहावं.

दीर्घकाळ घेतलेली आम्लाची गोळी एकदम थांबवली की काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटतं. रोग्याला वाटतं आजार उलटला, आणि तो गोळी पुन्हा सुरू करतो. हे आधी सांगावं, डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावा, मधल्या दिवसांत लागलंच तर अँटासिड किंवा अल्जिनेट (जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरणारं औषध). ज्यांना वर्षानुवर्षं घ्यावीच लागते त्यांच्या रक्तातल्या जीवनसत्त्व बी१२ आणि मॅग्नेशियमकडे लक्ष असावं.

घरी जाताना 'समजलं ना?' असं विचारू नये, उत्तर 'हो'च येतं. 'उद्या सकाळी उठल्यापासून न्याहारीपर्यंत काय काय कराल, ते मला सांगा' असं म्हणावं. तो म्हणाला की सातला उठतो, गोळी घेतो आणि दहाला खातो, तर कागदावरची गोळीची वेळ तिथेच खोडून साडेनऊ करावी.