गणेश घाट आणि तो न दाबलेला स्विच

इंदुरात एबी रोड, म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता, म्हटलं की पलासिया आणि विजयनगरचा जॅम डोळ्यांपुढे येतो. हाच रस्ता राऊ, मानपूर ओलांडून पुढे गेला की माळव्याचं पठार संपतं आणि तो निमाडात खाली उतरतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, तर खलघाटाला नर्मदा दीडशेच्या आसपास. कारमध्ये हा फरक जाणवतही नाही. भरलेल्या ट्रकमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा तो थेट उजव्या पायात उतरला.

ट्रक आमचाच, सेकंडहँड, भरल्यावर अकरा टनांच्या घरात जाणारा. ड्रायव्हरच्या घरी लग्न आणि धुळ्याला बटाटे पोचवायचे ठरलेले. हेवी लायसन्स माझ्याकडे होतं, पण अनुभव देवास नाका ते लोहा मंडी एवढाच. सोबतीला आईचे चुलतभाऊ आले. मामांनी तीस वर्षं याच लाइनवर गाडी चालवली; आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून शेजारी बसायचं.

मानपूरला चहा घेताना त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा कुठे आहे, आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाकडून गाडी आवरणारा जादा ब्रेक, चालतो का. काटा आठ बारला होता. एक्झॉस्ट ब्रेकचं म्हणालो, "मामा, तो स्विच दाबला की गाडी घशातून घरघरते. काहीतरी तुटेल असं वाटतं, म्हणून मी लावतच नाही." मामा हसले आणि ग्लास ठेवून उठले. तिथेच का नाही सांगितलं, असं नंतर मी विचारलं. म्हणाले, सांगून कुणी ऐकत नाही.

मानपूरच्या पुढे उतरणाऱ्या गणेश घाटाच्या माथ्यावर मी पाचव्या गिअरमध्ये होतो. उतार दिसत होता, पण पाय ब्रेकवर होता आणि गाडी ऐकत होती, म्हणून गिअर तसाच ठेवला. हलकासा ब्रेक धरूनच ठेवायचा, स्कूटरवर धरतो तसा. दोन-तीन किलोमीटरवर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या गाडीचा असेल. मग पेडल आधीपेक्षा खोल जाऊ लागलं, पुन्हा पुन्हा दाबल्याने हवेचा काटाही खाली सरकायला लागला. आरशात मागच्या चाकापाशी निळसर धूर.

घाबरलो की माणूस नेमकं चुकीचं करतो. मी क्लच दाबून चौथा टाकायला गेलो. गिअर पाचव्यातून निघाला आणि चौथ्यात जाईना, नुसता करकरत राहिला. गाडी न्यूट्रलमध्ये आणि मागे अकरा टन. वेगाचा काटा चाळीसवरून पन्नासला गेला, ते किती सेकंदांत ते सांगता येत नाही.

"क्लच सोड. रेस दे. अजून दे. आता क्लच, आता टाक." मामांचा आवाज अजिबात चढला नव्हता. इंजिन उंच ओरडत असताना चौथा खटकन बसला. त्यांनी हात लांबवून स्वतःच स्विच दाबला आणि गाडीला मागून कुणीतरी पकडल्यासारखं झालं. तीच ती घरघर. मग ब्रेक, मग तिसरा. उतार जरा सपाट झाला तिथे बाजूला घेतली.

मी पाण्याचा कॅन घेऊन चाकाकडे धावलो, तर त्यांनी दंडाला धरून थांबवलं. चाकातल्या ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकतो. हँडब्रेकही लावू दिला नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चारही बाजूंनी दगड लावले. पाऊण तास नुसते बसून होतो. त्या पाऊण तासात मी जे शिकलो ते लायसन्सच्या परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे त्याला आतून घासून थांबवणाऱ्या लायनरपासून लांब जातो. लायनरचीही पकड तापल्यावर कमी होते. म्हणून पेडल खोल जातं. आणि उष्णता थोडीथोडकी नसते. नंतर घरी मी हिशेब केला: अकरा टन साडेतीनशे मीटर खाली आणायचे म्हणजे जवळजवळ एक लिटर डिझेल जाळण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. थोडी वारा आणि टायर खातात, बाकीची मी चार ड्रममध्ये ओतत होतो.

एक्झॉस्ट ब्रेक तीच उष्णता इंजिनात नेतो. सायलेन्सरच्या वाटेवर एक झडप बंद होते, धूर कोंडतो आणि पिस्टनला त्या दाबाविरुद्ध रेटावं लागतं. ते रेटणं गिअरमधून मागच्या चाकांना आवरतं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी पकड जास्त, म्हणून तो खालच्या गिअरमध्येच कामाचा. क्लच दाबला किंवा रेस दिली की सुटतो. आणि पावसात, रिकाम्या गाडीला, निसरड्यावर जपून, कारण तो फक्त मागची चाकं धरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे आहेतच. नव्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना डिझेल आतच जात नाही, न्यूट्रलमध्ये मात्र जळत राहतं, हे त्यांना कोण सांगणार!

माझा भाचा कोलोरॅडोत आहे, पिकअपच्या मागे कॅम्पर जोडून डोंगरात हिंडतो. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर, आणि तिथून खाली सात टक्क्यांपर्यंत उतार, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सात मीटर खाली. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "मामा, आमच्या गाडीत टो-हॉल नावाचं बटण असतं. ते लावून ब्रेकला पाय लावला की गिअर आपोआप खाली पडतो आणि तिथेच टिकतो." म्हणजे माझ्या मामांचा डावा पाय त्यांनी बटणात बसवलाय. पण बटण माथ्यावरच दाबावं लागतं, हे तोही म्हणाला. ते विसरलेल्यांसाठी तिथेही रस्त्याकडेला, ब्रेक गेलेली गाडी रुतून थांबावी म्हणून, खडीचे चढ करून ठेवलेत.

गणेश घाटात आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा, सौम्य उताराचा रस्ता झालाय. तेव्हा नव्हता.

ड्रमला हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहता येईल इतका तो निवला, तेव्हा निघालो. खलघाट, जुलवानिया, सेंधवा. बिजासन घाटाच्या माथ्यावर देवीला हात जोडून झाल्यावर मी विचारलं, "तिसरा?" मामा म्हणाले, "ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढली असती, त्यात. इंजिन तगडं असेल तर आणखी एक खाली." तिसरा टाकला, स्विच लावला. वेग तिशीच्या पुढे गेला की एकदा ठाम ब्रेक, विशीला आणून सोडून द्यायचा, परत तिशी होईपर्यंत हात लावायचा नाही. ड्रमला मधे श्वास मिळतो. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दिले. घरघर पूर्ण घाटभर चालू होती आणि तिची भीती कुठेतरी तिसऱ्या वळणावर गेली.

खाली पळासनेरला पोचून बघतो तर मामा खिडकीला डोकं टेकवून घोरत होते.